भुशीची भजी आणि कढईतलं उरलेलं तेल

पावसाळ्यात भुशी धरणावर गर्दी लोटली की भज्यांची कढई दिवसभर उतरत नाही. पायऱ्यांवर भिजून गरम भजी खाणं आम्हालाही आवडतं. आमचा प्रश्न कढईत उरणाऱ्या काळ्या तेलाचा आहे. ते जातं कुठं?

वस्तीत रक्तदाब तपासताना आम्ही आधी तेलाचंच विचारतो. "सुटं, स्वस्तातलं," हे उत्तर ठरलेलं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याची भेसळ झाली, साठाहून जास्त माणसं दगावली. सुट्या तेलात काय आहे, हे घेणाऱ्याला कळतच नाही.

वारंवार तापलेल्या तेलातली चरबी तुटते. फडक्यातून गाळलं तर जळका चुरा निघतो, तुटलेली चरबी तेलातच राहते. मास स्पेक्ट्रोमीटर ती ओळखतो: रेणूला विजेचा भार द्यायचा आणि वजनावरून तो कोणता ते ठरवायचं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशी यंत्रं आहेत. पण गाडीवरच्या कढईला एवढं यंत्र कशाला? १ जुलै २०१८ पासून नियम आहे, तळणीच्या तेलात 'पोलर' घटक २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही. ते मोजणारं मीटर हातात मावतं.

मग हंगामातल्या रविवारी ते मीटर भुशीत का दिसू नये? नुसता दंड मात्र आम्हाला मान्य नाही. गाडीवालाही पोटासाठीच उभा आहे. जळक्या तेलापासून बायोडिझेल होतं. ते तेल योग्य भावात गाडीवरूनच उचला. तोवर बायांनो, सुटं तेल घेऊ नका. लहान का होईना, सीलबंद पिशवी घ्या आणि तारीख वाचा.