रिसोट्टो आणि आसट भात

इटालियन जेवायचं तर आम्ही आसनगावकर कल्याण गाठतो. वाशिंद, खडवली, टिटवाळा, आंबिवली, शहाड अशी स्टेशनं मोजत पाऊण तासाचा प्रवास, मग स्टेशनाबाहेरच्या गर्दीतून वाट काढायची, आणि एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर आठ टेबलांचं ते हॉटेल. नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर जाहिरात केल्याचा आळ नको, आणि दुसरं म्हणजे रविवारी संध्याकाळी तिथे आधीच अर्धा तास बाहेर उभं राहावं लागतं. ती रांग माझ्या हाताने का वाढवा?

माझ्या मते मध्यमवर्गीय माणसाला हॉटेलात दोन गोष्टींची धास्ती असते, बिलाची आणि हसं होण्याची. मेन्यूकार्डाची उजवी बाजू आधी वाचायची सवय आमच्या पिढीच्या हाडीमाशी खिळलेली आहे. या हॉटेलात ती सवय सुटते. आम्ही पाच माणसं पोटभर जेवलो तरी बिल दीड हजाराच्या आत राहतं. पाणी स्टीलच्या जगमधून न विचारता येतं. ‘रेग्युलर की मिनरल’ असा खडा सवाल चारचौघांत कुणी टाकत नाही. आणि प्रत्येक अवघड नावाखाली मराठीत एक साधी ओळ लिहिलेली असते. ‘आल्यो ए ओल्यो’ या नावाने दचकून जावं, तर खाली लिहिलेलं असतं: लसूण, तेल, सुकी मिरची. बस्स, एवढंच! घरात दुसरं काही नसलं की नेपल्सकडच्या बाईने शेवया उकडून त्यांच्यावर लसणाची फोडणी ओतायची, असा हा पदार्थ. आपल्या फोडणीच्या भाताचा सख्खा भाऊच म्हणायचा.

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना तिथे नेलं. त्या मुरबाडकडच्या, आयुष्य भातशेतीत गेलेलं. त्यांच्यापुढे अळंबी घातलेला रिसोट्टो आला. त्यांनी वर भुरभुरलेलं चीज चमच्याने बाजूला सारलं (ते त्यांना खवलेलं खोबरं वाटलं होतं), दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, “अगं, हा तर आसट भात! बाळंतिणीला देतो तसा. पण अळंबी आपल्याकडच्यासारखी नाही हो, तिला वास नाही.” वाढायला आलेला मुलगा हसू दाबत उभा होता. त्याने आत जाऊन मालकांना सांगितलं असावं, कारण ते स्वतः बाहेर आले आणि सासूबाईंना विचारत बसले की अळंबी नेमकी कधी येते आणि बाजारात कोण आणतं.

सासूबाईंचं निदान अचूक होतं. रिसोट्टोला आखूड, जाड आणि पिठूळ तांदूळ लागतो. तो थोड्या लोण्यावर परतायचा, मग गरम सार पळीपळीने घालत अठरा-वीस मिनिटं ढवळत राहायचं, म्हणजे दाण्याचं पीठ सुटून भात मिळून येतो. आपण नव्या तांदळाचा भात जरा जास्त पाण्यात सैल शिजवतो त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की त्यांना दाण्याच्या पोटात थोडी कणी राहिलेली आवडते आणि आपल्याला ती कच्ची वाटते.

या तांदळाचा मुलूख म्हणजे उत्तर इटलीतलं पो नदीचं खोरं. पंधराव्या शतकात तिथे भातशेती रुजू लागली. १८६६ मध्ये कावूर कालवा पुरा झाला आणि वेर्चेल्लीच्या परिसरात शिवारंच्या शिवारं पाण्याखाली आली. आज जगभर ज्या आर्बोरिओ तांदळाचा रिसोट्टो करतात, ते आर्बोरिओ याच भागातलं एक गाव आहे. तिथल्या भातखाचरांत गुडघाभर पाण्यात, पाठी मोडेपर्यंत वाकून निंदणी करायला हंगामापुरत्या गरीब बाया येत. त्यांना मोंदीने म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बायांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केले. १९४९ मध्ये ‘बिटर राइस’ या नावाने जगभर गाजलेला इटालियन चित्रपट त्यांच्यावरचाच. जुलैत लोकलच्या खिडकीतून आटगाव-खर्डीकडची लावणी पाहताना मला त्या आठवतात. इरली जाऊन प्लास्टिकचे कागद आले, पाठी मात्र तशाच वाकलेल्या.

आपल्याकडे हॉटेल म्हटलं की त्यात चहाच्या टपरीपासून पंचतारांकितापर्यंत सगळं बसतं. इटालियन लोकांचं तसं नाही. पांढऱ्या चादरीचं, झोकदार ते रिस्तोरान्ते. घरच्यांनी चालवलेलं, घरच्यासारखं रांधणारं, बेताच्या दराचं ते त्रात्तोरिया. आणि मुळात दारूचा गुत्ता, पण सोबत त्या गावचे चार पदार्थ मिळणारं ते ऑस्तेरिया. इटलीच्या स्वयंपाकाचा लौकिक झोकदार हॉटेलांइतकाच, किंबहुना अधिकच, या मागच्या दोन प्रकारांनी सांभाळला. १९८६ मध्ये रोमच्या प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्सचं दुकान आलं तेव्हा निदर्शनं झाली. त्याच काळात कार्लो पेत्रिनी या पत्रकाराच्या पुढाकाराने ‘स्लो फूड’ ही चळवळ उभी राहिली, १९८९ मध्ये पॅरिसला तिचा जाहीरनामा निघाला. पण मला जाहीरनाम्यापेक्षा त्यांचं पुढच्या वर्षीचं काम मोठं वाटतं. १९९० पासून त्यांनी देशभरातल्या ऑस्तेरियांची पुस्तिका काढायला सुरुवात केली. सामान्य माणसाला परवडेल अशा दरात स्थानिक जेवण कुठे मिळतं, हे तिच्यात गावोगाव फिरून नोंदवलेलं असतं. परदेशी दुकानावर दगड मारण्यापेक्षा आपल्या खानावळीचा पत्ता छापणं अधिक उपयोगाचं, हा शहाणपणा आपल्याकडच्या निदर्शकांना कधी सुचेल?

पिझ्झा-पास्त्याला ‘परकं’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशी माझं भांडण आहे, तेही इथेच सांगून टाकते. इटालियनांचा टोमॅटो आणि आपली मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. आपला बटाटा तिथलाच, आणि उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही तिथलाच. एकादशीला दक्षिण अमेरिकेचं खाऊन रविवारी इटलीचं खाणाऱ्या मुलांना नावं ठेवण्यात काही अर्थ नाही. भारतात १९९६ मध्ये मोठ्या पिझ्झा कंपन्यांची पहिली दुकानं दिल्ली-बंगळूरला उघडली आणि पिझ्झा म्हणजे वाढदिवसाची, ऐटीची वस्तू झाली, ही गोष्ट वेगळी. नेपल्समध्ये तो उभ्या-उभ्या खायचा गरिबांचा पदार्थ होता. आपण त्यांचा पदार्थ घेतला, ते जिथे बसून खातात ती जागा मात्र घेतली नाही.

माझं म्हणणं आसनगावबद्दल आहे. इथे मुंबई-नाशिक महामार्गावर जेवायला थांबा. पाटी पंजाबी असेल नाही तर ‘व्हेज-नॉनव्हेज-चायनीज’. पनीर बटर मसाला, दाल तडका, जिरा राइस. मानस मंदिरात दर्शनाला आलेली कुटुंबं आणि माहुली चढून-उतरून दमलेली पोरं हेच जेवून परत जातात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली माणसं काय खातात याचा त्यांना पत्ता लागत नाही. नागलीची आणि तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट, पावसाळ्यातल्या चिंबोऱ्या, आणि रानभाज्या तर किती! मृगाच्या आगेमागे शेवळं येतात. ती काकडांचा आंबटपणा दिल्याशिवाय खाजरी लागतात. ही जोडी ज्या बाईने पहिल्यांदा जुळवली तिला कुठल्याही इटालियन आचाऱ्याच्या पंगतीला बसवावं. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली. आमच्या ठाकूर-कातकरी बाया पहाटे रानातून या भाज्या खुडतात आणि टोपल्या डोक्यावर घेऊन लोकलने कल्याण-डोंबिवली-ठाण्याला नेऊन विकतात. आसनगावात त्यांची भाजी ताटात वाढून देणारी जागा माझ्या माहितीत नाही.

मी शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत वर्गातून फेरी मारली की कोण काय खातं ते दिसतं. नूडल्सचा डबा सताड उघडा असतो. नागलीच्या भाकरीच्या डब्याचं झाकण मात्र अर्धवट सरकवलेलं असतं आणि एक हात त्याच्यावर आडवा. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, मुंबईच्या मॉलमध्ये नाचणीची बिस्किटं झकपक वेष्टनात महागात विकली जातात, आणि नागली जिथे पिकते तिथल्या मुलाला ती लपवून खावीशी वाटते. उत्तर इटलीतला गरीब शेतकरी एके काळी तिन्ही त्रिकाळ मक्याचं पीठ रटरटवून खात असे, त्या एकसुरी खाण्याने त्याला पेलाग्रा नावाचा रोगही होई. तीच पोलेन्ता आज तिथल्या चांगल्या त्रात्तोरियात मानाने वाढली जाते, आणि ती गरिबीची होती हे कुणी लपवत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या समितीची बैठक दिल्लीत लाल किल्ल्यात भरली होती. तिथे आपल्या दीपावलीचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला म्हणून आपण आनंद केला, तो योग्यच. पण त्याच बैठकीत इटालियन स्वयंपाकही त्या यादीत गेला, इकडे आपलं फारसं लक्ष गेलं नाही. तो मान कुणा एका पदार्थाला मिळालेला नाही. घरात एकत्र रांधणं, आजीकडून नातीकडे हातची चव जाणं, एका टेबलाभोवती जेवणं या रीतीला मिळालेला आहे.

“पण घरचंच खायला पैसे कोण मोजेल?” असं आमच्याकडे ‘हे’ विचारतात. हा प्रश्न पुरुषच विचारू शकतो! घरची भाकरी फुकट असते ती थापणाऱ्या हातांची मजुरी कुणी धरत नाही म्हणून. जिने दिवसभर राबून यायचं आणि मग चुलीपुढे बसायचं, तिला रविवारी कुणीतरी गरम भाकरी आणि बिरडं वाढलं तर ती पैसे आनंदाने मोजेल. शिवाय आसनगाव आता पूर्वीचं राहिलेलं नाही. स्टेशनच्या आसपास इमारती उठल्या, परवडणारं घर शोधत मुंबई-ठाण्याकडची कितीतरी बिऱ्हाडं इथे आली. पहाटेच्या लोकलने जाऊन रात्री परतणाऱ्या या लोकांना शेवळं कशाशी खातात हे माहीत नाही. ते काही त्यांच्या घरचं नव्हे. त्यांना ते रिसोट्टोइतकंच नवं.

हे कुणाला जमण्यासारखं नाही असंही नाही. गिरणगावात खानावळवाल्या बायांनी हजारो गिरणी कामगारांना वर्षानुवर्षं जेवू घातलं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराच्या कचाट्यातल्या या बायांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. कोकणातल्या माणसांचं घरगुती मालवणी जेवण खानावळीतूनच पुढे हॉटेलच्या पाटीवर चढलं. आमच्याच जिल्ह्यात ठाण्याच्या मामलेदार कचेरीशेजारी १९४६ पासून मिसळ मिळते आणि साहेबांपासून पक्षकारापर्यंत सगळे एकाच बाकावर बसून डोळ्यांतलं पाणी पुसतात. ठाण्याच्या मिसळीला जे साधलं ते शहापूरच्या बिरड्याला का साधू नये?

एक भीती मात्र आहे. हे लिहिल्यावर कुणीतरी उत्साही गृहस्थ गवती झोपडीचं ‘व्हिलेज रिसॉर्ट’ काढतील, पोरांना फेटे बांधतील, ‘चुलीवरचं’ अशी पाटी लावतील आणि माणशी आठशे रुपये घेतील. तसलं काही नको. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून त्या रस्त्याने गाड्या आमचा तालुका भरधाव ओलांडून जातात. त्यांच्या भरवशावर गावातलं हॉटेल चालायचं नाही. ते शेजाऱ्यांच्याच जिवावर चालायला हवं. स्टेशनपासून चालत जाता यावं, आठ-दहा टेबलं असावीत, दीडशे रुपयांत ताट भरावं, आणि फळ्यावर रोज खडूने लिहिलेलं असावं की आज रानातून काय आलं. कल्याणच्या त्या मालकांसारखं शेवळं, काकडं या नावांखाली एकेक साधी ओळ लिहिली की नवख्या बिऱ्हाडांचीही सोय होईल. रांधणं बचत गटातल्या बायांकडे असावं, आणि भाजी खुडून आणणारीला तिचे पैसे तिथल्या तिथे मिळावेत, म्हणजे तिचा कल्याणचा एक हेलपाटा तरी वाचेल.

सासूबाईंपुढे मी ही सगळी योजना मांडली. त्यांनी ताटात सुक्या बोंबलाची चटणी वाढवायला सांगितली, आणि लावणीचे पंधरा दिवस हॉटेल बंद राहील अशी पाटी आधीच रंगवून ठेवायला सांगितली, कारण तेव्हा रांधणाऱ्या सगळ्या जणी शेतात असतील.