मीटर कोणाच्या नावावर?

मुंबईच्या उपनगरांत भाड्याच्या घरांत राहणारे आपले अनेक सहानुभूतिदार पक्षाच्या कार्यकर्त्यांना एक साधा प्रश्न विचारतात : "वीजकंपनी बदलावी की बदलू नये?" प्रश्न महिन्याकाठी शंभर-दोनशे रुपयांचा आहे, म्हणून तो क्षुल्लक ठरत नाही. ज्याच्या पगारातून भाडे, रेशन आणि मुलांची फी वजा जाता हाती फारसे काही उरत नाही, त्याला हे शंभर रुपये मोजावेच लागतात. तेव्हा "भांडवलदार सारे सारखेच" असे सांगून त्याची बोळवण करणे हा बेजबाबदारपणा होईल. प्रथम त्याच्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे आणि मग त्या उत्तरात दडलेला दुसरा, अधिक मोठा प्रश्न त्याच्यापुढे ठेवावा, हाच योग्य मार्ग होय.

देशातील बहुसंख्य कुटुंबांना हा प्रश्न पडतच नाही, कारण त्यांच्या दारात एकच वीजपुरवठादार येतो. मुंबईची गोष्ट वेगळी आहे. १९२९ साली स्थापन झालेली उपनगरांची जुनी वीजकंपनी पुढे रिलायन्सकडे गेली आणि २०१८ साली अदानी समूहाने ती विकत घेतली. टाटांची कंपनी मुख्यतः वीजनिर्मिती करून मोठ्या ग्राहकांना वीज पुरवीत असे. घरगुती ग्राहकालाही थेट वीज विकण्याचा तिचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये मान्य केला. ऑक्टोबर २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने तारा एका कंपनीच्या आणि वीज दुसरीची अशी व्यवस्था मंजूर केली. तेव्हापासून उपनगरांतील ग्राहकाला पुरवठादार निवडता येतो. भांडुप-मुलुंडला महावितरणची, तर शहर भागात मुख्यत्वे बेस्टची वीज आहे.

कंपनी बदलते म्हणजे नेमके काय बदलते? बहुतेक वेळा तार तीच राहते, खांब तोच राहतो आणि दिवा पूर्वीइतकाच उजळतो. बिघाड झाला तर दुरुस्तीही तारेच्या मालकालाच करावी लागते. बदलते ते बिल. आणि बिल म्हणजे केवळ दर युनिटाचा भाव नव्हे. त्यात स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, तारा वापरल्याबद्दलचा वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो आणि या साऱ्यांवर सरकारचे वीजशुल्क असते. दुसऱ्याच्या तारांवरून वीज घेणाऱ्याच्या बिलात काही अधिभारही मिळवले जातात. कंपनीचा प्रतिनिधी दारावर येतो तेव्हा यांतील एखादाच आकडा बोटाने दाखवतो, बाकीचे आकडे त्याच्या बोटाखाली झाकलेले राहतात.

म्हणून पहिला नियम असा : मागील बारा महिन्यांची बिले पुढे घ्यावीत, प्रत्येक महिन्याचे युनिट लिहावेत आणि दोन्ही कंपन्यांच्या प्रचलित दरपत्रकांनी संपूर्ण बिलाची बेरीज करून पाहावी. घरगुती दर टप्प्यांचा आहे : शंभर युनिटांपर्यंत एक भाव, त्यापुढे तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा आणि त्याहून पुढे चौथा. एखादी कंपनी पहिल्या टप्प्यात स्वस्त आणि तिसऱ्यात महाग असू शकते. त्यामुळे शेजाऱ्याला फायदा झाला म्हणून आपल्यालाही होईलच असे नाही. शिवाय आयोगाच्या प्रत्येक दरनिश्चितीबरोबर हे गणित बदलते. समजा, युनिटमागे पन्नास पैसे वाचतात आणि वापर दीडशे युनिटांचा आहे. महिन्याला पंचाहत्तर रुपये म्हणजे अकरा महिन्यांच्या करारात सव्वाआठशे रुपये झाले. तेवढ्यासाठी अर्ज, फेऱ्या आणि सुरक्षा ठेवीची जुळवाजुळव करावी काय, हे ज्याने त्याने ठरवावे. बेरीज स्पष्टपणे आपल्या बाजूची असेल तर कंपनी अवश्य बदलावी, त्यात तत्त्वच्युती नाही. एका मक्तेदाराऐवजी दुसऱ्याला थोडे कमी पैसे देणे हा कष्टकऱ्याचा व्यवहारधर्म आहे. मात्र त्याला कोणी क्रांती समजू नये, आणि स्वातंत्र्य तर मुळीच समजू नये.

इथपर्यंतचे विवेचन मीटर ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी झाले. परंतु प्रश्न विचारणारा भाडेकरू आहे, आणि खरी अडचण येथेच सुरू होते. पुरवठादार बदलण्याचा अर्ज ग्राहकाने करावयाचा असतो, आणि कंपनीच्या दप्तरी ग्राहक म्हणून नोंद असते ती घरमालकाची. वीज भाडेकरू वापरतो आणि बिल भाडेकरू भरतो. निवड मात्र पुण्याला किंवा परदेशी राहणाऱ्या त्या मालकाची, ज्याच्या खिशाला या बिलाची झळही लागत नाही. त्याने सही का करावी? दर कमी झाला तर लाभ भाडेकरूचा, कटकट झाली तर ती त्याची. आणि मागची थकबाकी निघाली तर दोघांत वाद. "कशाला उगाच? आहे ते चालू द्या" हे मालकाचे उत्तर दुष्टपणाचे असतेच असे नाही. परंतु ज्याला हितसंबंध नाही त्याच्या हाती अधिकार आणि ज्याचा हितसंबंध आहे तो अधिकारशून्य, ही व्यवस्थाच मुळात अन्यायाची आहे.

चाळींत आणि वस्त्यांत याहून वाईट प्रकार आढळतो. चार खोल्यांना मिळून एकच मीटर मालकाच्या नावावर असते. प्रत्येक खोलीला एक पोटमीटर लावलेले असते आणि मालक स्वतः ठरवलेल्या भावाने पैसे घेतो. प्रत्येक कुटुंब महिन्याला नव्वद युनिट वापरते असे धरू. चौघांची स्वतंत्र मीटरे असती तर साऱ्या ३६० युनिटांना पहिल्या, सर्वांत स्वस्त टप्प्याचा भाव लागला असता. एका मीटरवर मात्र पहिली शंभर युनिटेच स्वस्त पडतात, पुढची २०० दुसऱ्या टप्प्यात आणि उरलेली ६० तिसऱ्या टप्प्यात जातात. चार मीटरांचा स्थिर आकार चार वेळा द्यावा लागेल हे खरे, तथापि तो धरूनही फरक सहसा भाडेकरूंच्या बाजूचाच निघतो. म्हणजे गरिबासाठी ठेवलेली सवलत गरिबाच्याच हातून निसटते आणि वर मालकाच्या भावाची भर पडते. अशा कुटुंबाला "टाटा की अदानी?" असे विचारणे म्हणजे उपाशी माणसापुढे केवळ खाणावळींची यादी ठेवणे होय.

कायदा याबाबत मुका नाही. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केल्यास त्यास वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. भोगवटादार म्हणजे जो प्रत्यक्ष त्या जागेत राहतो तो. वीज ही मूलभूत गरज असून मालकाने ना हरकत प्रमाणपत्र दिले नाही एवढ्या कारणास्तव भाडेकरूला ती नाकारता येणार नाही, अर्जदार त्या जागेत राहतो किंवा नाही एवढेच वीजपुरवठादाराने पाहावयाचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूची वीज तोडण्यास मालकाला मनाई आहे.

मग हा हक्क वापरला का जात नाही? कारण उघड आहे. आज भाड्याने राहणारा बहुतेक माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर अकरा महिने राहणारा तो परवानाधारक आहे. मालकाला न आवडणारा अर्ज त्याने केला तर त्याला घराबाहेर काढण्याची गरजच पडत नाही, कराराचे नूतनीकरण न केले की काम भागते. बाराव्या महिन्याची भीती डोक्यावर असणाऱ्याला कलम ४३ दाखवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला नदीचा नकाशा देणे होय. ग्राहकाचे स्वातंत्र्य निवाऱ्याच्या शाश्वतीवर उभे असते, आणि ती शाश्वती बाजारात विकत मिळत नाही.

स्पर्धेचे समर्थक म्हणतील की दोष घरमालकीचा आहे, स्पर्धेचा नव्हे. परंतु स्पर्धेची स्वतःची वर्तणूकही तपासली पाहिजे. जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकाला चढा भाव लावून त्यातून कमी वापरणाऱ्याचा भाव खाली ठेवायचा, हे आपल्या दररचनेचे सूत्र आहे. नवा स्पर्धक साहजिकच या मोठ्या ग्राहकाकडे आधी धावतो. मोठे ग्राहक निघून गेले की मागे राहिलेल्या लहान ग्राहकांवर भार वाढतो. मुंबईत हा वाद इतका पेटला की ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगाला दरमहा तीनशे युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांपुरतेच काही काळ स्थलांतर मर्यादित करावे लागले. स्पर्धा आपण होऊन गरिबाच्या दारी येत नाही, तिला तेथे हुकमाने धाडावे लागते, हा त्या आदेशाचा अर्थ आहे.

ज्या ब्रिटनचा दाखला या व्यवस्थेसाठी दिला जातो, तेथे १९९९ पासून प्रत्येक घराला पुरवठादार निवडता येतो. स्वतः बिल भरणाऱ्या भाडेकरूलाही तो अधिकार आहे. म्हणजे आपल्याकडे नसलेली गोष्ट तेथे आहे. तरीही कंपनी न बदलणाऱ्या ग्राहकांची लूट इतकी वाढली की जानेवारी २०१९ पासून सरकारला दरावर कमाल मर्यादा घालावी लागली. २०२१ मध्ये इंधनाचे भाव भडकताच दोन डझनांहून अधिक पुरवठादार कोसळले आणि त्यांचा भुर्दंड सर्व ग्राहकांच्या बिलांवर पडला. निवडीचा अधिकार मिळूनही संरक्षण शेवटी राज्यसंस्थेलाच द्यावे लागले.

हा सारा विचार आजच करण्याचे कारण आहे. मुंबईचा हा प्रयोग देशभर नेण्याची तरतूद ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या वीज दुरुस्ती विधेयकात होती. त्याच सुमारास अदानी समूहाने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई या महावितरणच्या भागांत समांतर परवाना मागितला. त्याविरुद्ध ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातील वीज कर्मचारी संपावर गेले आणि सरकारशी वाटाघाटी झाल्यावर त्याच दिवशी संप मागे घेण्यात आला. कर्मचाऱ्यांचा आक्षेप हाच होता : किफायतीची शहरे खाजगी कंपन्यांना, आणि तोट्याची खेडी सार्वजनिक कंपनीला.

मुंबईच्या विजेसाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी धरणाखाली जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. जी वीज समाजाच्या एवढ्या त्यागावर निर्माण होते ती केवळ दोन दुकानांतील माल असू शकत नाही. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महापालिकेने बेस्ट ताब्यात घेतली ती याच जाणिवेने. सार्वजनिक मालकीतही दोष शिरतात. बसची तूट वीजग्राहकाच्या बिलातून भरली गेली, हे आपण लपवू नये. परंतु त्या दोषांचा जाब विचारण्यासाठी नागरिकाच्या हाती मत असते. खाजगी कंपनीच्या संचालक मंडळात भाडेकरूला मत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? ज्याच्या नावावर मीटर आहे त्याला बिलाची बेरीज करून द्यावी आणि निर्णय त्याच्यावर सोपवावा. ज्याच्या नावावर नाही त्याला प्रथम स्वतंत्र मीटरचा अर्ज भरून द्यावा. नोंदलेला करार, भाड्याच्या पावत्या आणि वास्तव्याचा पुरावा सोबत जोडावा. अर्ज नाकारल्यास नकार लेखी मागावा, आणि ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे व तेथे न्याय न मिळाल्यास विद्युत लोकपालाकडे जावे. मुख्य म्हणजे हा अर्ज एकट्याने करू देऊ नये. एका चाळीतील चाळीस भाडेकरूंनी एकाच दिवशी अर्ज केले, तर मालक कोणाकोणाचे करार अडवणार? याच संघटनेतून पुढची मागणी उभी राहील : वीज मीटरसाठी अर्ज केल्याच्या कारणावरून कोणाचाही करार नाकारला जाऊ नये, आणि पोटमीटरवर आयोगाच्या दरापेक्षा एक पैसाही जास्त घेतला जाऊ नये.

वीज कोणाकडून घ्यावी, हा प्रश्न भाडेकरूने जरूर विचारावा. त्याआधी आपण त्याला विचारले पाहिजे, "मीटर कोणाच्या नावावर आहे?" आणि त्याने मान खाली घातली, तर अर्ज घेऊन त्याच्या शेजाऱ्यांची दारे ठोठावण्याचे काम आपले आहे.