कळलं, मग पुढे?

या आठवड्यात एका परिसंवादाची पत्रिका हाती पडली. विषय : आक्रमक प्रजातींची पूर्वसूचना. ॲपवर दोन सत्रं, ड्रोनवर एक, उपग्रहांवर एक, मग जेवण आणि समारोपाला मंत्रिमहोदय. इशारा मिळाल्यावर करायचं काय, यावर एकही सत्र नाही. गाजर गवतावरच्या लेखात मी हेच म्हटलं होतं, तेव्हा ‘तुम्हाला तंत्रज्ञानाचं वावडं आहे’ अशी पत्रं आली. नाही हो. ते गवत पुण्यात उकिरड्यावर उगवलेलं एका वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं आणि 1956 मध्ये त्याची नोंद छापूनही आली. तेव्हा कुठे होतं ॲप? आपलं घोडं कळण्यापाशी अडलेलं नाही.

ज्यांना गवताने पटलं नाही, त्यांच्यासाठी आज शिंपली. नखाएवढी, फार तर इंचभर, अंगावर काळपट पट्टे. नाव मायटिलॉप्सिस सॅली, मूळ गाव कॅरिबियन समुद्र आणि मध्य अमेरिकेचा किनारा. चिवट धागे सोडून ती जहाजाच्या तळाला, दोरखंडाला, धक्क्याच्या खांबाला, थंड पाणी खेचणाऱ्या नळाला चिकटते. मग एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. महिन्याभरात वयात येते. पाणी खारं असो वा निमखारं, तिला चालतं. नळ तुंबतात, दोर जड होतात, खाली अडकलेली आपली कालवं गुदमरतात.

1960च्या दशकाच्या अखेरीस ती विशाखापट्टणमला आढळली. मुंबई बंदरातही पोहोचली आणि 1975 मध्ये ‘भारतीय बंदरांत नव्याने आलेली’ म्हणून तिच्यावर शोधनिबंध निघाला. म्हणजे माहिती होती, तीही वेळेवर. त्यानंतर आणखी निबंध निघाले, चांगले निघाले. शिंपली आजही इथेच आहे.

आता हीच शिंपली ऑस्ट्रेलियात, डार्विनला. मार्च 1999 मध्ये तिथल्या कलन बे मरिनात पाहणीसाठी उतरलेल्या पाणबुड्यांना ती दिसली. सहा महिन्यांपूर्वी त्याच जागी पाहणी झाली होती तेव्हा एकही नव्हती. आता चौरस मीटरला वीस हजारांच्या वर. पुढचं मला फार आवडतं. कोणी अहवालाची वाट पाहिली नाही. काही दिवसांत मरिना बंद, आतल्या नौका आत. तीन मरिनांच्या पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. त्याने शिंपलीबरोबर तिथले मासे-खेकडेही मरणार, हे ठाऊक असूनही ओतलं. आधीच बाहेर पडलेल्या नौका एकेक करून शोधून काढल्या आणि त्यांचे तळ तपासले. चार आठवड्यांत शिंपली संपली. खर्च वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या थोडा वर. जगात समुद्री आक्रमकाचा असा पुरता निकाल लागल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यातलं हे एक.

लगेच कोणी म्हणेल, डार्विनचं नशीब. तिथे भरती-ओहोटीत सात-आठ मीटरचा फरक पडतो, म्हणून मरिनांना जलद्वारं बसवलेली होती. ती लावली की आतलं पाणी कोंडलं. मुंबईची खाडी उघडी, तिच्यात क्लोरीन ओतून कोणाचं भलं होणार? मान्य. 1975 मध्ये शिंपली किती पसरली होती आणि ती उपटता आली असती का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मुंबईच्या आजच्या इंदिरा डॉकलाही जलद्वारं आहेत. निदान प्रश्न तरी कोणी विचारायचा? बंदर एका खात्याचं, मासे दुसऱ्याचं, प्रदूषण तिसऱ्याचं, आणि परदेशी शिंपली कोणाचीच नाही. डार्विनला पाणबुड्यांनी सांगितलं ते दरवाजे बंद करण्याचा अधिकार आणि खर्च करण्याचा हुकूम ज्याच्या हाती होता, त्याला. आपल्याकडे शास्त्रज्ञ जर्नलला सांगतात, कारण दुसरं कोणी ऐकायला बसलेलंच नसतं.

आणि आपण झोपलो होतो असंही नाही. जहाजांच्या तोलासाठी घेतल्या जाणाऱ्या पाण्यातून येणाऱ्या जिवांवर 2000 च्या सुमारास आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. त्यात सहा देशांतली जी सहा ठिकाणं निवडली, त्यांत मुंबई होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने बंदरातल्या जिवांची पाहणी केली. यादी झाली. यादी करण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

इथे माझं जुनं तुणतुणं वाजवतोच. यादी तरी पुढे कोण चालवणार? शिंपलीचे दोन पडदे हातात घेऊन जात सांगणारी माणसं निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी ज्या भरत्या होतात त्या, माझा संशय आहे, डॅशबोर्ड सांभाळणाऱ्यांच्या. फोटोवरून ॲप नाव सांगेल म्हणे. सांगेल, त्या ॲपला शिकवायला आधी कोणीतरी बरोबर नाव लावलेले नमुने द्यावे लागतील एवढंच.

दरम्यान 2019 मध्ये केरळच्या अष्टमुडी तलावातून दुसऱ्याच एका अमेरिकी शिंपलीची नोंद झाली, तीही अशीच दाटीवाटीने वाढणारी. अष्टमुडीत शिंपल्यांवर हजारो घरं चालतात. कोकणातल्या खाड्यांतही तिसऱ्या आणि कालवं काढून बायका बाजाराला जातात. ती परकी शिंपली उद्या आचरा किंवा दाभोळच्या खाडीत दिसली, तर काढणाऱ्या बाईनं कोणाला सांगायचं?

डार्विनमध्ये परदेशातून आलेल्या नौकांचे तळ मरिनात शिरण्याआधी तपासण्याची पद्धत त्या प्रकरणानंतर सुरू झाली. मुंबईत असा तळ कोण तपासतो, हे ज्या वाचकाला ठाऊक असेल त्याने खात्याच्या नावासह आणि साहेबांच्या हुद्द्यासह कळवावं. याच जागी छापतो.