पगार एक, हिशेब तीन

नुसता पगार विचारून माणसाची ऐपत कळत नाही. तो राहतो कुठे आणि कोणाबरोबर, हेही विचारावे लागते. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी उमेद गेली. त्या टेबलावर शिकलेली ही गोष्ट वसई-विरारमध्ये घरोघर दिसते.

महिना साठ हजार हाती पडणारी तीन घरे कल्पू या. पहिले आगाशी-निर्मळकडच्या वाडीतले. वडिलोपार्जित छप्पर, विहिरीचे पाणी, नातवंडांपाशी आजी. इथे शिल्लक पडते. पण ती पगाराची नव्हे, आजोबांच्या जमिनीची आणि आजीच्या गुडघ्यांची.

दुसरे नालासोपाऱ्यातले, भाड्याचे. भाडे बारा हजार धरा. अकरा महिन्यांनी करार संपला की वाढीव भाडे, नाहीतर नवी अनामत, दलाली आणि सामानाचा टेम्पो. मुलांची शाळा बदलायची नसते, हे घरमालकालाही ठाऊक असते.

तिसरे विरारचे, कर्जाचे. तीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षे. हप्ता सुमारे सव्वीस हजार, एकूण फेड साडेबासष्ट लाखांच्या घरात. वर सोसायटीची वर्गणी आणि पाणी कमी पडले की टँकर.

लोकल मात्र तिघांनाही सारखीच. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. दारापासून दारापर्यंत जाण्यायेण्याचे रोज साडेतीन तास धरले, तर पंचवीस दिवसांत साडेसत्त्याऐंशी तास होतात. म्हणजे कामाचे जवळजवळ अकरा दिवस! पासाच्या किमतीत ते कुठेच दिसत नाहीत.

सर्वांत महाग पडते ते मात्र कागद नसलेले स्वस्त घर. नालासोपारा पूर्वेला, सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवरच्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४-२५ मध्ये पाडल्या गेल्या. इमारती बांधणारे आधीच पैसे घेऊन मोकळे झाले होते. रस्त्यावर आली ती कुटुंबे.

म्हणून घर घेताना भाव विचारण्याआधी बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे, आणि ते वकिलाकडून तपासून घ्यावे. वकिलाची फी जड वाटते खरी, पण घराच्या किमतीपुढे ती चहापाण्याएवढीच.

आणि महिन्याचा जमाखर्च लिहिताना एक रकाना आजीसाठी ठेवावा. पाळणाघराची फी वाचली, असे आपण सहज म्हणतो. ती कोणीतरी भरलेली असते.