बदललेल्या बेताची किंमत

बुलढाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही आणि नियमित प्रवासी विमानसेवाही नाही. खुद्द बुलढाणा शहरात रेल्वेचे रूळ पोहोचलेले नाहीत. मुंबईची किंवा नागपूरची गाडी पकडायची तर मलकापूर, नांदुरा वा शेगाव गाठावे लागते. असे असूनही येथील शिक्षक, बँकेतील कर्मचारी आणि सेवानिवृत्त मंडळी अलीकडे जलपर्यटनाची, म्हणजे क्रूझची, चौकशी करू लागली आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात ‘कॉर्डेलिया’ कंपनीच्या फेऱ्या मुंबईहून सुरू झाल्या आणि त्यांची तिकिटे रेल्वेच्या खानपान व पर्यटन महामंडळामार्फतही मिळू लागली. सिंगापूरची जलसफर तर त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी सहल कंपन्यांच्या जाहिरातींत झळकत आहे. मध्यमवर्गाने आयुष्यात एकदा समुद्र पाहावा, तोही जहाजाच्या कठड्याशी उभे राहून, यात गैर काहीच नाही. प्रश्न निर्माण होतो तो हा बेत बदलावा लागतो तेव्हा.

जहाज सिंगापूरहून किंवा कोचीहून सुटणार असेल तर तेथवर विमानाने जावे लागते. हे विमानाचे तिकीट जहाज कंपनी स्वतः, अथवा तिच्या वतीने सहल कंपनी, एकाच रकमेत काढून देते. यात ग्राहकाची सोय आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. एकाच ठिकाणी पैसे भरायचे, तारखा जुळवण्याची जबाबदारी दुसऱ्यावर, आणि विमानाला उशीर झाला तर जहाज गाठून देण्याची काळजी वाहणारा कोणीतरी आहे हा दिलासा. परंतु ही सोय जितकी एकसंध दिसते तितकी ती नसते. एका पावतीच्या आड तीन-चार निरनिराळे व्यवहार दडलेले असतात, आणि ते उलगडतात ते तिकीट रद्द करण्याची वेळ आली म्हणजेच.

बेत का बदलतो?

‘तिकीट काढण्यापूर्वी विचार करायला नको होता काय?’ असा प्रश्न विचारणे सोपे आहे. पण पगारदार माणसाच्या रजेवर त्याची स्वतःची सत्ता किती असते? निवडणुकीच्या कामाचा हुकूम येतो, जनगणनेचे काम लागते, परीक्षेच्या तारखा पुढे ढकलल्या जातात, उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर हजर राहावे लागते. घरातील वृद्धाचे आजारपण तर रजेचा अर्ज पाहून येत नाही. अशा माणसाने बेत बदलला तर तो लहरीपणा नव्हे. हुकूम सरकारचा, कर्तव्य सार्वजनिक आणि दंड मात्र खाजगी खिशातून, अशी ही स्थिती आहे.

हा दंड कसा आकारला जातो ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, चौघांच्या कुटुंबासाठी माणशी २४,००० रुपयांचे विमान तिकीट जहाज कंपनीमार्फत काढले. महिनाभर आधी ते रद्द करावे लागले. विमान कंपनीने ६,००० रुपये रद्दशुल्क कापले; जहाज कंपनीने ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून २,००० रुपये आणि तालुक्याच्या गावातील एजंटाने सेवेचे १,००० रुपये. माणशी ९,००० रुपये गेले, चौघांचे ३६,०००. जहाजाच्या खोलीचे जे काही कापले जाईल ते यात धरलेले नाही. इकडे तीच आसने विमान कंपनीने पुढच्या पंधरवड्यात माणशी ३०,००० रुपयांना विकली असतील, तर या व्यवहारात हानी नेमकी कोणाची झाली?

तिकीट रद्द न करता केवळ तारीख बदलली तर कमी खर्च येतो, अशी समजूत आहे. तीही अर्धीच खरी. बदलशुल्क हा खर्चाचा एक भाग. दुसरा भाग म्हणजे जुन्या आणि नव्या भाड्यातील फरक. जाहिरातीत पहिला आकडा असतो, दुसरा प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी कळतो, आणि बहुधा तोच मोठा असतो. शिवाय जहाज कंपन्या पुष्कळदा घाऊक वा कराराच्या दराने तिकिटे घेतात. त्यांच्या अटी नेहमीच्या तिकिटाहून वेगळ्या असल्यामुळे प्रवासी थेट विमान कंपनीकडे गेला तर ‘ज्यांच्याकडून तिकीट घेतले त्यांच्याकडे जा’ असे उत्तर त्याला मिळते. तेथे गेल्यावर ‘विमान कंपनीच्या नियमापुढे आमचा इलाज नाही’ असे ऐकावे लागते.

विमान कंपन्यांची बाजू

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता रद्दशुल्क मुळातच अन्याय्य आहे असे म्हणता येत नाही. विमानातील आसन ही नाशवंत वस्तू आहे. खामगावच्या बाजारात न विकला गेलेला कापूस उद्या विकता येतो. उड्डाण झालेल्या विमानातील रिकामे आसन कधीच विकता येत नाही. शिवाय ज्याला बेताची खात्री आहे त्याला स्वस्त तिकीट द्यावे आणि ज्याला बदलाची मुभा हवी आहे त्याच्याकडून अधिक भाडे घ्यावे, यातही तर्क आहे. कोणतेच शुल्क नसेल तर लोक चार तारखांची चार तिकिटे काढून ठेवतील आणि त्याचा भार अखेर सर्वांच्याच भाड्यावर पडेल.

परंतु हा युक्तिवाद एका मर्यादेपर्यंतच टिकतो. आसन पुन्हा विकण्यास पुरेसा अवधी असेल तर हानी अल्प असते, आणि उड्डाण जवळ येईल तशी ती वाढते. म्हणून शुल्कही दिवसांच्या हिशेबाने वाढत गेले पाहिजे. तीन महिने आधी आणि तीन दिवस आधी सारखाच दंड हे भरपाईचे लक्षण नव्हे, उत्पन्नाचे आहे. अमेरिकेतील विमान कंपन्यांनी २०१९ या एका वर्षात आरक्षण रद्द करणे व बदलणे यांच्या शुल्कातून सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळवले. पुढे २०२० मध्ये महामारीने प्रवासी दुरावले तेव्हा तेथील मोठ्या कंपन्यांनी सर्वात स्वस्त भाडी वगळता देशांतर्गत तिकिटांवरील बदलशुल्क रद्द केले. जे शुल्क अपरिहार्य म्हणून सांगितले जात होते ते स्पर्धेची निकड भासताच सोडून देता आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आणि स्वस्त व लवचिक या दोन तिकिटांतील निवड प्रवाशाने डोळसपणे केली, असे तरी एकत्रित रकमेच्या बाबतीत कोठे म्हणता येते? त्याच्यापुढे भाड्याचे दोन आकडे कधी ठेवलेच जात नाहीत. निवड दुसऱ्याने केलेली, परिणाम मात्र त्याच्या माथी, हा खरा आक्षेप आहे.

या बाबतीत रेल्वेशी तुलना उद्बोधक ठरेल. नोव्हेंबर २०१५ पासून लागू झालेल्या परतावा नियमांत पक्के तिकीट गाडी सुटण्याच्या ४८ तासांहून अधिक आधी रद्द केल्यास शयनयान वर्गासाठी १२० रुपये, तर वातानुकूलित तृतीय वर्गासाठी १८० रुपये कपात ठरवलेली होती. ४८ ते १२ तासांत भाड्याच्या २५ टक्के आणि त्यानंतर चार तासांपर्यंत ५० टक्के. हे दर फार उदार होते असे नाही. पण ते छापील होते, सर्वांना सारखे होते आणि वेळेच्या प्रमाणात चढणारे होते. मलकापूरच्या खिडकीवर आणि मुंबईच्या खिडकीवर वेगळा हिशेब नव्हता. प्रवाशाला हवी असते ती दया नव्हे, हिशेबाची निश्चिती.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे याविषयी नियम अगदीच नाहीत असे नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार रद्दशुल्क मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेहून अधिक असता कामा नये. भाडे ‘ना-परतावा’ असले तरी सरकारी कर आणि विमानतळ शुल्के प्रवाशाला परत मिळाली पाहिजेत. परताव्याची प्रक्रिया करण्याबद्दल विमान कंपनीने वेगळी रक्कम घ्यायची नाही, आणि तिकीट एजंटामार्फत घेतले असले तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी होय. परदेशी विमान कंपन्यांना मात्र आपापल्या देशाच्या नियमांप्रमाणे परतावा देण्याची मुभा आहे, आणि परदेशी बंदरातून सुटणाऱ्या जहाजांच्या प्रवाशांना नेमकी हीच तरतूद नडते. नोव्हेंबर २०२५ मध्ये महासंचालनालयाने या नियमांच्या सुधारणेचा मसुदा प्रसिद्ध केला. तिकीट काढल्यापासून ४८ तासांत विनाशुल्क फेरविचाराची सोय त्यात सुचवली होती. दिशा योग्य होती. परंतु विमानाचे तिकीट जहाजाच्या खोलीसह विकले गेले असता मधल्या विक्रेत्याने काय कापावे, हा प्रश्न अशा नियमांनी सुटत नाही.

मधल्या साखळीचे महत्त्व २०२० मध्ये सर्वांना कळून चुकले. २५ मार्चपासून दोन महिने देशांतर्गत विमाने जमिनीवर उभी राहिली आणि हजारो प्रवाशांचे पैसे अडकले. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवासी लीगल सेलच्या याचिकेवर दिलेल्या निर्णयात एजंटामार्फत काढलेल्या तिकिटांचाही स्वतंत्र विचार केला आणि एजंटाकडे आलेली रक्कम त्याने प्रवाशाला ताबडतोब द्यावी, असे बजावले.

त्याहून जुना आधार आहे तो १८७२ च्या करार कायद्याचा. त्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देववते. लिहिलेली रक्कम ही केवळ कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ‘फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास’ या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. २०१५ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाच्या एका प्रकरणात तेच भूखंड पुढे कितीतरी अधिक किमतीस विकला गेला होता, हे ध्यानात घेऊन जप्त केलेली इसाऱ्याची रक्कम परत करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. भूखंडाला जो न्याय, तो पुन्हा विकल्या गेलेल्या आसनाला का नसावा?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर हानीच्या मानाने सर्वस्वी विसंगत असा दंड लादणाऱ्या कराराला ‘अनुचित करार’ असे नावच दिले आहे. पण येथे एक मेख आहे. करारच अनुचित ठरवण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही; तो राज्य आयोगापासून पुढे सुरू होतो. नऊ हजार रुपयांसाठी चिखलीचा वा मेहकरचा लिपिक नागपूरच्या खंडपीठापर्यंत जाईल, अशी अपेक्षा करणे म्हणजे अधिकार देऊन तो वापरू न देणे होय. सेवेतील त्रुटी वा अनुचित व्यापारी प्रथा यांची तक्रार मात्र आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि भरलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर त्यास शुल्क नाही.

करावयाचे काय?

युरोपीय संघाने २०१५ च्या निर्देशाने सहलीच्या एकत्रित विक्रीसंबंधी नियम घालून दिले. त्यानुसार सगळ्या सेवांची जबाबदारी सहलीच्या आयोजकावर असते. आयोजकाने आधीच प्रमाणित रद्दशुल्क ठरवले असेल तर तेही वाजवी असावे लागते; ठरवले नसेल तर वाचलेला खर्च आणि पुनर्विक्रीचे उत्पन्न वजा करूनच रक्कम कापता येते. ग्राहकाने विचारल्यास त्या रकमेचे समर्थनही द्यावे लागते. सात दिवस आधी कळवून आपली जागा दुसऱ्या व्यक्तीला देण्याचीही प्रवाशाला सोय आहे. आपल्याकडे अशा एकत्रित विक्रीसाठी स्वतंत्र कायदा नाही. तो व्हावा, आणि तो होईपर्यंत निदान तीन गोष्टी नियमाने सक्तीच्या कराव्यात. पैसे घेण्यापूर्वी विमानाचे भाडे आणि प्रत्येक मध्यस्थाचे रद्दशुल्क रुपयांत, तारखांच्या टप्प्यांसह, मराठीत लिहून द्यावे. ज्याने पैसे घेतले त्याच्याकडूनच एकरकमी परतावा मिळावा. साखळीतला हिशेब त्यांनी आपसांत करावा. आणि अनुचित कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला द्यावा.

ग्राहकानेही काही पथ्ये पाळली पाहिजेत. विमानाचे तिकीट वेगळे काढल्यास काय दर पडतो, याची चौकशी आधी करावी. तिकिटाचा स्वतंत्र क्रमांक मागून घ्यावा. परताव्याऐवजी ‘पुढच्या सहलीत जमा’ करण्याची सूचना आली तर ती स्वीकारणे आपल्यावर बंधनकारक आहे असे समजू नये. तक्रार लेखी करावी. दोन वर्षांची मुदत संपू देऊ नये.

महाराष्ट्राने ग्राहक चळवळीत पूर्वी पुढाकार घेतला आहे. मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना १९७५ मध्ये झाली, म्हणजे देशाला ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा मिळण्याच्या अकरा वर्षे आधी. त्या काळी लढा होता तो वजनमापातील फसवणुकीशी आणि भेसळीशी. आज माप बदलले आहे. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा आता करारनाम्याच्या बारीक अक्षरांत जाऊन बसला आहे. बेत बदलण्याची किंमत असते आणि ती द्यायला मध्यमवर्ग कधी नाकारत नाही. ती किंमत किती, हे आधी सांगा, आणि जेवढे खरे नुकसान झाले तेवढीच घ्या, एवढीच त्याची मागणी आहे.