बदलीच्या आदेशातील हिंसा

बँकेच्या नोकरीत बदली ही नित्याची बाब. आदेश आला की सामान आवरायचे, कारण विचारायचे नाही, अशी रीत. म्हणूनच कोणाला धडा शिकवायचा झाल्यास बदलीइतके निरुपद्रवी दिसणारे दुसरे शस्त्र नाही.

पंजाब अँड सिंध बँकेच्या इंदूर शाखेतील एका महिला मुख्य व्यवस्थापकांनी मद्य ठेकेदारांच्या खात्यांतील अनियमितता वरिष्ठांना कळविली. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांची जबलपूर जिल्ह्यातील सरसावा शाखेत बदली झाली. ती जागा कनिष्ठ श्रेणीच्या अधिकाऱ्याची होती. त्यांनी लैंगिक छळाची तक्रारही केली होती. उच्च न्यायालयाने बदली रद्द केली. २५ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा सूडच असल्याचे नमूद करून त्यांना इंदूरला परत नेमण्यास सांगितले आणि पन्नास हजार रुपये खर्चही देवविला.

हे मोठ्या बँकेचे झाले. आपल्या झरी जामणीसारख्या तालुक्यात काय? दुकान, अडत, जिनिंग येथे बदली नसते. तेथे ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढे पुरते. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी महिला अध्यक्ष असलेली अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान आस्थापनेतील किंवा घरकाम करणाऱ्या स्त्रीला, तसेच तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. तक्रार साधारणतः तीन महिन्यांत लेखी करावी; लिहिता येत नसेल, तर समितीने साहाय्य करायचे असते. नोकरीवर गदा आणण्याची गर्भित धमकीही छळाच्या व्याख्येत येऊ शकते. आणि केवळ पुरावा अपुरा पडला, म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

आपल्या धर्माने हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: कृत, कारित आणि अनुमोदित. छळ करणारा एक असतो. परंतु आदेशावर सही करणारा, ‘तिनेच जमवून घ्यायला हवे होते’ म्हणणारा आणि पेढीची अब्रू जपण्यासाठी गप्प बसणारा, हे सारे त्या हिंसेचे भागीदार ठरतात. आपल्या समाजात मालक अनेक आहेत. संवत्सरीला आपण सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. ते शब्द आपल्या पेढीवर राबणाऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचावयाचे असतील, तर तिला निर्भयपणे बोलता येईल अशी व्यवस्था आधी असावी.

जय जिनेंद्र.