उवांचे औषध आणि 'नैसर्गिक'पणाचे तारण

उवा हा विषय चारचौघांत काढायचा नसतो. पोरीच्या डोक्यात उवा झाल्या की दार लोटून फणी चालवायची आणि शेजारी कळू द्यायचे नाही, ही आपली रीत. या लाजेपोटीच कुणी डोक्याला रॉकेल चोळते, कुणी सीताफळाच्या बियांची पूड लावते. रॉकेलने मुले भाजली आहेत, पुडीने डोळ्यांना इजा झाली आहे.

औषधे आहेत. त्यांत पर्मेथ्रिन नावाजलेले. शेवंतीच्या जातीच्या एका फुलातील कीटकनाशकावरून ते बनवले गेले. ते उवेच्या मज्जातंतूंवर घाव घालते. पण वर्षानुवर्षे तेच वापरल्यावर, ज्या उवांच्या मज्जातंतूंत मुळातच थोडा फरक होता त्या तगल्या आणि त्यांचीच प्रजा वाढली. अमेरिका, अर्जेंटिनासारख्या देशांत हे औषध आता पुष्कळदा लागू पडत नाही.

म्हणून संशोधक सुगंधी तेलांकडे वळले. ही घाण्याची तेले नव्हेत. पानाफुलांतून वाफेने काढलेला, उडून जाणारा अर्क. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. टी-ट्री आणि लॅव्हेंडर तेलांच्या औषधाने ४२ पैकी ४१ मुले उवामुक्त झाली. पायरेथ्रिनच्या औषधाने ४० पैकी अवघी १०.

तेव्हा मी या तेलांच्या बाजूचा आहे, पण अटींसह. बँकेतल्या नोकरीने एक सवय लावली: नाव सांगू नका, तारण दाखवा. 'नैसर्गिक' हे नुसते नाव झाले. निलगिरीचे तेल मुलाच्या पोटात गेले तर झटके येऊ शकतात. टी-ट्रीने काहींच्या अंगावर पुरळ उठते. निर्भेळ तेलाची बाटली थेट डोक्यावर ओतणे हा रॉकेलचाच सुवासिक अवतार. प्रमाण ठरलेले, चाचणीतून गेलेले औषधच घ्यावे, तेही डॉक्टरांना विचारून.

शिवाय लिखा म्हणजे चक्रवाढ व्याज. उवा मेल्या तरी उरलेल्या लिखा आठ-दहा दिवसांत फुटतात. म्हणून आठवड्याभराने पुन्हा उपचार करावा, आणि मधल्या दिवसांत ओल्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवावी. औषधाला उवा सरावतात, फणीला नाही.

आणि एक. उवा डोक्याला डोके लागून पसरतात. त्या घरच्या अस्वच्छतेचा दाखला नव्हेत. एका घराने लपवल्या की चार घरांत होतात. मुलीच्या मैत्रिणींच्या आयांना सरळ सांगावे आणि सगळ्यांची डोकी एकदमच तपासावीत. नाहीतर मुलगी आज बरी होईल आणि पुढच्या आठवड्यात शाळेतून पुन्हा उवा घेऊन येईल.